सापडलेला तांबडा-पिवळा दगड गेरूचा आहे का, हे कसे ओळखायचे?

प्रश्न थोडक्यात असा: ओढ्याकाठी आणि रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीच्या कडेला तांबडे, पिवळे आणि दोन-तीन काळपट दगड सापडले आहेत. काहींचा रंग हाताला लागतो. एकावर समांतर रेघा दिसतात. हे गेरूचे दगड आहेत का, त्यांचा रंग करता येईल का आणि घरी हाताळण्यात काही धोका आहे का?

सगळ्यात आधी तो रेघा असलेला दगड बाजूला काढा. तो धुऊ नका, घासू नका, खाली दिलेली एकही चाचणी त्याच्यावर करू नका. त्याच्याबद्दल शेवटी लिहिले आहे. आता बाकीच्या दगडांकडे वळू.

वरचा रंग पाहून ठरवायला गेलात तर दोन्हीकडून फसाल. लालभडक दिसणारा दगड कुटल्यावर फिकट गुलाबी वाळू हाती लागते, आणि पोलादासारखा करडा, चकचकीत, कुणी ढुंकूनही पाहणार नाही असा दगड कुटला की अस्सल तांबडी पूड निघते. याचे कारण कणांच्या आकारात आहे. हेमॅटाइटचे स्फटिक मोठे असले की ते करडे-काळे दिसतात आणि धातूसारखे चमकतात. तेच खनिज एका मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) बारीक झाले की तांबडे दिसते. मधल्या आकाराचे कण जांभळट झाक देतात. याउलट लाल वालुकाश्मात वाळूच्या प्रत्येक कणावर लोहाचे पातळ पुट चढलेले असते, इतकेच. तो कुटला की आतली रंगहीन वाळू मोकळी होते आणि रंग उतरतो.

म्हणून निवाडा नेहमी पुडीवर करायचा. गेरू किंवा काव म्हणजे लोहाच्या ऑक्साइडांनी रंगलेली बारीक माती. तांबड्या मातीला रंग देतो तो हेमॅटाइट, पिवळीला गोएथाइट. सोबतीला चिकणमाती, बारीक वाळू, कधी चुना. लोह बेताचे असले तरी कण पुरेसे बारीक असतील तर रंग चांगला चढतो. लोह भरपूर असून दगड घट्ट असेल तर मात्र दळून दळून हात दुखतील.

कुटण्याआधी विषारी दगड वगळा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका. लोहाच्या रंगांत नेहमी थोडा मळकटपणा असतो: तांबड्यात विटकरी किंवा तपकिरी झाक, पिवळ्यात मातकट झाक. शेंदरी लाल, भडक नारिंगी किंवा लिंबासारखा पिवळा रंग दिसला तर तो दगड फोडू नका, तापवू नका, हात धुऊन टाका.

शेंदरी लाल म्हणजे हिंगूळ असू शकतो, पाऱ्याचे सल्फाइड. त्याची कठिनता (खनिजांच्या १ ते १० च्या मोह्ज मापावर) २ ते २.५, म्हणजे नखाचा ओरखडा जेमतेम उठतो. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड हा आकडा, ८.१ च्या आसपास, त्यामुळे लहानसा खडाही हातात अनपेक्षित जड लागतो. हेमॅटाइटही जड असतो, पण त्याची पूड इतकी भडक कधीच नसते. मनशीळ आणि हरताळ ही दोन्ही आर्सेनिकची सल्फाइडे. मनशीळ नारिंगी-लाल, राळेसारखी चमकणारी. उजेडात राहिली की तिची पिवळी भुकटी होऊ लागते. हरताळाचे लवचीक पापुद्रे सुटतात आणि त्यांवर सोनेरी, मोत्यासारखी चमक असते. दोन्हींची कठिनता १.५ ते २. उष्ण झऱ्यांच्या आणि धातूंच्या जुन्या खाणींच्या परिसरात यांची शक्यता जास्त, साध्या ओढ्याकाठी फारच कमी. वालुकाश्मावर गर्द पिवळ्या भुकटीची साय दिसली तर ते युरेनियमचे कार्नोटाइट असू शकते, तेही सोडून द्या. जुन्या लोखंडी पुलाखाली किंवा गोदीजवळ मिळालेले नारिंगी टवके बहुधा शेंदराच्या, म्हणजे शिशाच्या, रंगाचे असतात.

एक धोका डोळ्यांना दिसत नाही. लोहाची हायड्रॉक्साइडे पाण्यातले आर्सेनिक आणि इतर जड धातू स्वतःला चिकटवून घेतात. त्यामुळे खाणीच्या सांडपाण्यात, कारखान्याच्या नाल्यात किंवा राखेच्या ढिगाखाली साचलेली सुंदर नारिंगी माती खनिज म्हणून निर्धोक असली तरी व्यवहारात निर्धोक नसते. तिथला माल घेऊच नये. घरगुती चाचणीने ही भेसळ कळत नाही.

दगड चाटून पाहायची सवय अनेकांना असते, कारण चिकणमाती जिभेला चिकटते. ओळख पटेपर्यंत ही चाचणी नको. ओलसर बोट टेकवले तरी तेवढेच कळते.

कस घेणे

कस म्हणजे दगड घासल्यावर उमटणाऱ्या पुडीच्या रेघेचा रंग. साहित्य एकच: झिलई नसलेला पांढरा चिनीमातीचा तुकडा. भिंतीवरच्या टाइलची पाठीमागची बाजू चालते, कपाच्या बुडाचे खरखरीत कडेही चालते. दगड कोरडा असू द्या. त्याची ताजी फुटलेली कड तुकड्यावर टेकवून दोन-तीन सेंटिमीटरची रेघ दाबून ओढा. सैल भुकटी फुंकून न उडवता तुकडा हलकेच टिचकवा आणि उरलेल्या रेघेचा रंग दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळ्या दिव्याखाली गोएथाइट आणि हेमॅटाइटमध्ये हटकून गल्लत होते.

रेघ तांबडी किंवा तांबूस तपकिरी आली तर हेमॅटाइट आहे, मग दगड बाहेरून काळा असो, करडा असो की जांभळा. पिवळसर तपकिरी आली तर गोएथाइट किंवा लिमोनाइट नावाने ओळखले जाणारे त्याचे मिश्रण. गडद तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी आली तर लोहासोबत मँगनीज असण्याची शक्यता आहे, म्हणजे अंबर (umber) नावाची तपकिरी माती. काळी आली तर मॅग्नेटाइट, मँगनीजची ऑक्साइडे, ग्राफाइट किंवा कोळसा यांपैकी काहीतरी. पांढरी आली किंवा रंगच उठला नाही, तर वरचा रंग कितीही मोहक असो, तो दगड रंगाच्या कामाचा नाही.

चुका इथेच जास्त होतात. टाइलची कठिनता साधारण ६.५ ते ७ असते. लाल जास्पर हा गारगोटीच्या जातीचा दगड तितकाच किंवा त्याहून कठीण, त्यामुळे तो रेघ सोडत नाही, टाइलच खरवडतो, आणि ती पांढरी पूड दगडाची समजून लोक गोंधळतात. रेघेवरून बोट फिरवा: टाइलमध्ये खाच लागत असेल तर पूड टाइलची आहे. दुसरी चूक म्हणजे दगडाच्या सालीचा कस घेणे. उघड्यावर पडलेल्या दगडाची वरची एक-दोन मिलिमीटर साल आतल्या भागापेक्षा अगदी वेगळी असू शकते. वणव्याच्या झळीने पिवळ्या गोएथाइटच्या दगडाची साल तांबडी होते आणि आतला गाभा पिवळाच राहतो. गंज चढलेल्या साध्या बेसाल्टचेही तसेच, वर तांबूस आणि आत काळाशार. म्हणून दगड फोडून गाभ्याचा आणि सालीचा कस वेगवेगळा घ्या. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि दगड जाड कापडात गुंडाळलेला हवा.

नुसता रंग बघून थांबू नका, रेघ किती सहज उमटली हेही बघा. चांगल्या गेरूची रेघ खडूसारखी जाड, मऊ आणि विनासायास येते, बोटाने पुसली की पसरते आणि बोटाच्या रेषांत जाऊन बसते. घट्ट हेमॅटाइटची रेघ बारीक येते आणि जोर लावावा लागतो, कारण त्याची कठिनता ५ ते ६.५ असते. दोन्ही एकाच खनिजाचे, पण पहिला दगड अर्ध्या तासात रंग देईल, दुसरा दोन दिवस खलायला लावेल.

पाणी काय सांगते

सुपारीएवढा तुकडा पाण्याच्या पेल्यात ठेवा आणि तासभर हलवू नका. चिकणमातीचा गेरू बुडबुडे सोडत कडांनी सुटू लागतो आणि तळाशी चिखल साचतो. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी प्रकार. दगड जसाच्या तसा राहिला तरी निराश होऊ नका. सिलिका किंवा लोहाने घट्ट झालेला गेरूही सुटत नाही, तो कुटावा लागतो.

आता तीच पूड पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. वरचे पाणी नितळ झाले पाहिजे. चिकणमातीचे अतिबारीक कण दिवसभरही तरंगत राहतात, पण चिमूटभर मीठ टाकले की ते एकमेकांना धरून खाली बसतात. मीठ टाकूनही पाणी स्वच्छ पण रंगीत राहिले, तर रंग विरघळणारा आहे. तो लोहाच्या ऑक्साइडचा नाही. एखादा कृत्रिम रंग किंवा विरघळणारे क्षार असू शकतात.

त्याच पाण्यात पीएच कागद बुडवा. नेहमीची माती ५ ते ८ च्या दरम्यान राहते. ४ च्या खाली गेली तर सल्फाइड खनिजे कुजून झालेले सल्फेट, बहुतेक वेळा जॅरोसाइट, समोर आहे. जॅरोसाइट दिसतो फिकट गवती पिवळा आणि हुबेहूब पिवळ्या मातीसारखा. लोक तो पिवळी माती म्हणून साठवतात, मग कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, चुन्यावर लावला तर डाग उठतात आणि दोष बिचाऱ्या गोंदाला दिला जातो.

वीट, खापर आणि इतर सोंगे

ओढ्याकाठच्या तांबड्या खड्यांत विटांचे तुकडे हटकून असतात आणि पाण्याने गोल झाल्यावर ते भल्याभल्यांना फसवतात. वीट पाण्यात सुटत नाही, कारण भाजल्यावर चिकणमातीचा स्वभाव कायमचा बदलतो. भिंगातून पाहिले तर वाळूचे टोकदार कण घट्ट रुतलेले दिसतात, गवताच्या काड्या जळून राहिलेल्या पोकळ्या दिसतात, कधी एका बाजूला चुन्या-सिमेंटचा पापुद्रा असतो. कस नारिंगी पण अशक्त आणि करकरीत. खापराचा तुकडा किंचित वक्र असतो आणि फुटलेल्या कडेला मधोमध करडी-काळी पट्टी दिसते, कारण भट्टीत आतपर्यंत हवा पोचलेली नसते. नैसर्गिक गेरूत रंगाची अशी सँडविचसारखी रचना सहसा नसते. रंगीत सिमेंटचे तुकडेही मिळतात. व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात.

पण बुडबुडे आले म्हणून दगड बाद होत नाही. चुनखडीच्या प्रदेशातला गेरू व्हिनेगरने फसफसतो, कारण त्यात चुना मिसळलेला असतो. थेंब पुडीवर टाका, अखंड दगडावर नको; पुडीत प्रतिक्रिया स्पष्ट दिसते. लोहाची ऑक्साइडे व्हिनेगरला दाद देत नाहीत.

गुलाबी फेल्स्पार आणि ग्रॅनाइटचा कस पांढरा, एका रेघेत निकाल. दगडावरची नारिंगी बुरशीसारखी खपली म्हणजे दगडफूल. ते नखाने निघते. लोखंडाच्या भट्टीतला मळ जड, फेसाळलेला आणि काचेसारखा चमकतो. दगडातली नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी म्हणजे मँगनीजचे पातळ पुट. जीवाश्मही नाही आणि रंगाचा साठाही नाही.

झऱ्याच्या तोंडाशी कापसासारखा नारिंगी गाळ दिसतो, तो लोहजीवाणूंचा. पाण्यावरचा तेलकट तवंग काडीने ढोसला की काचेसारखे तुकडे होत असतील तर तो जीवाणूंचा; तेलाचा तवंग पुन्हा एकत्र येतो. खाणीपासून दूरच्या स्वच्छ झऱ्यावरचा हा गाळ वाळवून उत्तम पिवळा-नारिंगी रंग होतो आणि कुटायची गरजही पडत नाही. मात्र भांडेभर गाळ वाळून चमचाभर उरतो.

जांभ्याबद्दल थोडे. त्याच्या वरच्या कठीण कवचातून पूड काढणे हा वेळेचा अपव्यय आहे. कवचाच्या खाली ठिपक्याठिपक्यांची मऊ चिकणमाती असते, पांढऱ्यावर तांबडे-पिवळे पट्टे. माल तिथे मिळतो. दख्खनच्या पठारावर आणि आयर्लंडच्या ईशान्येला अँट्रिम भागात लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टी दिसते. ती आधीच इतकी बारीक असते की अनेकदा फक्त धुऊन वापरता येते. लोहाचे गोळे, म्हणजे बाहेरून कठीण तपकिरी कवच असलेले गोटे, फोडून पाहावेत. काहींच्या पोकळीत तयार पूडच भरलेली असते.

चुंबक आणि वजन

चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवूनच वापरा, नाहीतर चिकटलेली पूड निघता निघत नाही. हेमॅटाइट आणि गोएथाइट साध्या चुंबकाला दाद देत नाहीत. काळा कस आणि जोरदार ओढ म्हणजे मॅग्नेटाइट. तांबडी पूड मंदपणे ओढली गेली तर त्यात मॅग्हेमाइट (चुंबकाला ओढले जाणारे लोहाचे तांबूस ऑक्साइड) किंवा थोडा मॅग्नेटाइट आहे, आणि हे भाजलेल्या मातीचेही लक्षण असते. म्हणजे चुंबकाने गेरू सिद्धही होत नाही आणि बादही होत नाही, शंका तेवढी नेमकी होते.

वजनाची चाचणी घरच्या डिजिटल काट्यावर होते. दगड तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला न टेकवता. जो आकडा दिसेल तेवढे दगडाचे घनफळ. ८४ ग्रॅमचा दगड, बुडवल्यावर २४ ग्रॅम: विशिष्ट गुरुत्व ३.५. सच्छिद्र दगड आधी बारा तास भिजवा, नाहीतर छिद्रांतली हवा आकडा बिघडवते. पाण्यात सुटणाऱ्या दगडावर ही चाचणी अर्थातच करता येत नाही. घट्ट हेमॅटाइट ५ च्या पुढे जातो. मातकट गेरू साधारण २.५ ते ३.५ मध्ये राहतो आणि आकडा जितका वर तितके लोह जास्त. ७ च्या पुढे गेला तर पारा किंवा शिसे समजा आणि काम थांबवा.

तुमचे काळपट दगड

त्यांचा कस तांबडा आला तर ते हेमॅटाइटच, प्रश्न मिटला. काळा आला तर ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या आणि चिमूटभर पुडीवर दोन-तीन थेंब टाका. मँगनीज डायऑक्साइड असेल तर लगेच जोराने फेस येतो, कारण ते पेरॉक्साइडचे विघटन घडवून आणते. पण जिवंत मातीतले सूक्ष्मजीवही फेस आणतात, म्हणून पूड दगडाच्या गाभ्यातली हवी. मँगनीजचा मऊ दगड बोटे काजळीसारखी काळी करतो. ग्राफाइटचा कस शिसपेन्सिलीसारखा चमकदार करडा आणि स्पर्श बुळबुळीत. पेरॉक्साइडने काही होत नाही. कोळसा अगदी हलका.

मँगनीजची पूड श्वासावाटे दीर्घकाळ शरीरात गेली तर मेंदूवर परिणाम होऊन कंपवातासारखी लक्षणे होतात. अंबर मातीतही मँगनीज असते. सायप्रसची अंबर शतकानुशतके वापरात आहे, ती लावलेल्या रंगात निरुपद्रवी, उडत्या पुडीत नाही. काळा आणि गडद तपकिरी दगड म्हणून कायम ओलाच खलावा.

हिरवा दगड सापडलाच तर: बेसाल्टच्या पोकळ्यांतला मऊ निळसर हिरवा सेलॅडोनाइट चांगला रंग देतो. गडद हिरवे पट्टे असलेला, व्हिनेगरमध्ये हळूहळू फसफसणारा मॅलॅकाइट तांब्याचा असतो, त्याची पूड पोटात किंवा श्वासात जाऊ देऊ नये. तंतू सुटणारा हिरवा सर्पेंटाइन मुळीच कुटू नका, तो ॲस्बेस्टॉस असू शकतो.

धुऊन पाहणे, म्हणजे खरी परीक्षा

कस तांबडा आला म्हणून दगड रंगाचा ठरत नाही. त्यातून किती आणि कसा रंग निघतो हे धुतल्यावर कळते. २० ग्रॅम दगड खलात थोडे पाणी घालून दळा. कोरडा दळू नका: बहुतेक गेरूत स्फटिकी सिलिका असते आणि तिची धूळ फुप्फुसात कायमची राहते. कोरडे काम करावेच लागले तर उघड्यावर आणि एन९५ मुखवटा लावून. सांडलेली पूड झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. हा खल पुन्हा स्वयंपाकात नको.

दळलेला चिखल २०० मिली पाण्यात घाला, नखाएवढा धुण्याचा सोडा टाका म्हणजे कण सुटे राहतात, आणि नीट ढवळा. भांड्यात पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर अर्धा मिनिट थांबा. तेवढ्यात ६३ मायक्रॉनपेक्षा जाड वाळू खाली बसते. वरचे रंगीत पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि तिथेही ते १० सेंटिमीटर उंच राहील असे पाहा. तिथे २० मिनिटे ठेवा, १० मायक्रॉनपेक्षा जाड कण बसतील. वरचे तिसऱ्या भांड्यात. तिसऱ्यात २ मायक्रॉनपर्यंतचे कण बसायला सुमारे आठ तास लागतात, त्याहून बारीक हवे असतील तर मीठ टाकून रात्रभर ठेवा. शेवटी सोडा आणि मीठ जाण्यासाठी साध्या पाण्याने दोनदा धुवा. हे हिशेब खोलीच्या तापमानाचे आहेत. गरम पाण्यात कण लवकर बसतात.

एक गोष्ट हमखास सुटते. हे आकडे वाळूच्या घनतेचे आहेत, आणि हेमॅटाइट वाळूच्या जवळपास दुप्पट जड आहे. त्यामुळे त्याचा कण त्याच आकाराच्या वाळूच्या कणापेक्षा अडीचपट वेगाने बसतो. पहिल्या भांड्याच्या तळाशी राहिलेला गाळ गडद तांबडा असेल तर तुमचा सर्वात दाट रंग तिथेच अडकला आहे. फेकू नका, पुन्हा दळा आणि पुन्हा धुवा. गाळ राखाडी किंवा पांढरट असेल तर खुशाल फेका.

दुसऱ्या-तिसऱ्या भांड्यातला गाळ सावलीत वाळवून तोला. २० ग्रॅममधून ८-१० ग्रॅम मिळाला तर दगड उत्तम. ४-५ ग्रॅम असेल आणि छटा वेगळी असेल तर ठेवण्यासारखा. दोन ग्रॅमच्या खाली मी तो दगड जिथे मिळाला तिथे परत ठेवीन. पुडीत बाभळीच्या गोंदाचे पाणी मिसळून पांढऱ्या कागदावर काळी रेघ ओढून तिच्यावर एक हात द्या. रेघ किती झाकली गेली यावरून रंगाची ताकद कळते. वाळल्यावर पृष्ठभागावर पांढरी साय आली तर क्षार राहिले आहेत, आणखी दोनदा धुवा.

पिवळ्या मातीची एक खात्रीची परीक्षा तापवण्याची. वरच्या सगळ्या चाचण्या पार पडल्या असतील आणि विषारी दगडाची शंका नसेल तरच, आणि बाहेर उघड्यावर. अखंड खडा तापवू नका, अडकलेल्या वाफेने तो फुटून उडतो. चमचाभर वाळलेली पूड पोलादी झाकणावर पसरून १५-२० मिनिटे आचेवर ठेवा. २५० ते ३०० अंश सेल्सिअसला गोएथाइटमधले पाणी निघून जाते आणि तो हेमॅटाइट होतो, म्हणजे पिवळी पूड नारिंगी होत होत तांबडी होते. शुद्ध गोएथाइटचे वजन यात दहा टक्क्यांनी घटते. पूड काळवंडली तर सेंद्रिय पदार्थ आहे. गंधकाचा उग्र वास आला तर जॅरोसाइट किंवा सल्फाइड, आच बंद करा. खूप जास्त तापवलेला गेरू जांभळट होतो, कारण कण एकमेकांना चिकटून मोठे होतात.

रेघा असलेला दगड

माणसाने घासलेला गेरू आणि निसर्गाने ओरखडलेला गेरू यांत फरक करता येतो, पण तो भिंगाने करायचा, हाताने नाही. घासलेल्या तुकड्यावर सपाट पैलू असतात, अनेकदा दोन-तीन पैलू एका कडेला भेटतात आणि तुकडा पेन्सिलीसारखा निमुळता होतो. प्रत्येक पैलूवरच्या रेघा एकाच दिशेने जवळजवळ धावतात आणि पैलूच्या कडेला थांबतात. दुसऱ्या पैलूवर त्यांची दिशा वेगळी असते. नांगराचा किंवा फावड्याचा ओरखडा एकटा, खोल आणि आतून ताज्या रंगाचा असतो. प्रस्तरभंगावर, म्हणजे खडकाचे दोन भाग एकमेकांवरून सरकले त्या भेगेत, घासला गेलेला दगड आरशासारखा गुळगुळीत आणि एका दिशेने रेघाळलेला असतो, पण तो एकच पृष्ठ असतो आणि रेघा दगडाच्या आतल्या भेगेतही सापडतात. वाहून आलेल्या गोट्यावर ओरखडे कुठल्याही दिशेने असतात.

हे इतके जपायचे कारण म्हणजे असे तुकडे फार जुने असू शकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोंबोस गुहेत जाळीदार नक्षी कोरलेले गेरूचे तुकडे मिळाले, ते सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे. त्याच गुहेतल्या सुमारे १,००,००० वर्षांपूर्वीच्या थरात शंखांच्या कवचांमध्ये गेरू, हाड आणि कोळशाचे मिश्रण सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. रेघांमध्ये अडकलेली पूड आणि ज्या थरात तुकडा पडला होता तो थर, या दोन्हींशिवाय अशा वस्तूचे वय ठरवणे जवळजवळ अशक्य होते. ब्रशने धुतला की पूड गेली. उचलून आणला की थर सुटला.

तुम्ही तो उचलला असल्यामुळे आता एवढे करा. तो साध्या कागदात गुंडाळून स्वतंत्र डबीत ठेवा, कापसात नको, तंतू चिकटतात. नेमकी जागा जीपीएसच्या आकड्यांसह लिहा: ओढ्याच्या पात्रात होता की काठाच्या मातीत रुतलेला, किती खोल, शेजारी गारगोटीचे छिलके, हाडे, कोळसा, शिंपले होते का. पट्टी शेजारी ठेवून तिरप्या उजेडात सर्व बाजूंचे फोटो घ्या. समोरून पडणाऱ्या उजेडात रेघा दिसत नाहीत. मग त्या भागाच्या पुरातत्त्व खात्याला किंवा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा, आणि तिथे पुन्हा खणायला जाऊ नका. अनेक देशांत तो गुन्हा आहे. शैलाश्रयाच्या (माणसाने आसरा घेतलेल्या खडकाच्या कपारीच्या) भिंतीवरचा रंग खरवडून नमुना घेणे तर कुठल्याच कारणाने नको. पुरातत्त्व विभागाकडे हातात धरायचे एक्स-रे फ्लुओरोसन्स यंत्र असेल तर वस्तूला ओरखडाही न पाडता मूलद्रव्ये कळतात, आणि रामन वर्णपटाने (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखण्याच्या पद्धतीने) हेमॅटाइट की गोएथाइट हेही. तुमच्या बाकीच्या दगडांत आर्सेनिक, शिसे किंवा पारा आहे का, हेही त्याच एक्स-रे यंत्राने काही मिनिटांत कळेल, तेव्हा त्यांची थोडी पूड वेगवेगळ्या पुड्यांत, क्रमांक घालून, सोबत न्या.